नुसतं बसायला आलेली बाई

फाट्यावरच्या पाटीवर 'शांत व घरगुती वातावरण' असं लिहिलेलं होतं. ही पाटी ज्यानं रंगवली त्याला मला एकदा समोर उभं करून विचारायचंय, की बाबा रे, या दोन गोष्टी तू एका ओळीत लिहिल्यास कशा? घरगुती आहे तिथं शांत कुठून येणार? पण एस.टी.तून उतरले तेव्हा मला एवढी अक्कल नव्हती. पाटी वाचून मी चक्क खूश झाले.

आमचं घर वणीत, मोठ्या रस्त्यावर. दिवसभर कोळशाचे ट्रक. सकाळी पांढरं लुगडं वाळत घालावं आणि दुपारी करड्या रंगाचं काढून घ्यावं, अशी तिथली हवा. पण मी हवेला कंटाळून गेले नव्हते, आणि माणसांनाही कंटाळून गेले नव्हते. मुलगा बरा आहे, त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सून चांगली आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं याच गोष्टीवरून माझं डोकं फिरलं. नोकरीची सगळी वर्षं मी पहिली-दुसरीच्या पोरांना 'खाली बसा, खाली बसा' म्हणत स्वतः उभी राहिले. घरी आले की ओट्यापाशी उभी. रिटायर झाले तर नातवंडांच्या डब्यांसाठी उभी. नवरा गेला तेव्हाही तेरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहापाण्यात बसायला फुरसत मिळाली नाही. मला बसायचं होतं. खुर्ची टाकून, समोर शेत, आणि कोणी हाक मारायची नाही. आठ-दहा दिवस. एवढंच.

हे घरी सांगितलं तर मुलानं पहिला शब्द काढला, "काहून?"

"काहून म्हणजे? बसायला."

"मंग मामाकडे जा नं."

मामाकडे! म्हणजे भावजयीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला. बहिणीकडे जा म्हणाला, तिथं तिच्या गुडघ्यांना तेल लावत बसले असते. देवाला जा म्हणाला. अरे, देवाकडं तर रांगेत उभं राहावं लागतं. शेवटी "जा बाप्पा, जाय तं जाय," म्हणाला, पण तोंड एवढंसं झालं. मी गेले.

राळेगाव तालुक्यातलं ते शेत. एका कुटुंबानं बांधावरच्या कडुनिंबाखाली पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढलेल्या, पलीकडे त्यांचं राहतं घर. दिवाळी होऊन गेलेली, कपाशी फुटलेली, तूर फुलावर. घरात एक म्हातारे, ज्यांना मी भाऊ म्हणू लागले. त्यांची बायको साधारण माझ्याच वयाची, तिला वहिनी. आणि त्यांचं पोरगं, जे मोबाइलवर खोल्या ठरवून देतं आणि फाट्यावरून पाहुणे मोटारसायकलवर आणतं. पोराची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. त्या दिवसांत पाहुणी मी एकटीच.

ओसरीवर पाणी प्यायले आणि चौकशी सुरू झाली.

"एकट्याच आल्या जी?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"मागून कोनी येनार हाय?"

"नाही."

"तब्येत बरी नाही काय? डॉक्टरनं हवापालट सांगतला असन."

"मी ठणठणीत आहे."

"मंग इकडं कोनाचं लगनगिगन?"

"नाही हो भाऊ. मी नुसती बसायला आले."

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी भाऊंकडे. दोघांच्या माना एकदमच हलल्या. वहिनींनी माझ्या हातातला रिकामा गडू घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हातपाय धुऊन घ्या, बाई. सारं ठीक होते."

काय ठीक होते? माझं काय बिघडलं होतं? पण मी प्रवासानं थकले होते, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निंबाखाली खुर्ची टाकली, पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचून होतं न होतं तोच वहिनी आल्या. येऊन खाली पायरीवर बसल्या. मी हसले, त्या हसल्या. मी पुस्तकात पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ झाला तरी उठेनात. मी बांधावरून फिरायला निघाले, वहिनी मागं. जेवायला बसले, वहिनी समोर. बाई पाठराखणीला आली होती का माझ्या?

आता आमच्याकडं रीत आहे, ती मला काही नवीन नाही. आलेल्या पाहुण्याला एकटं बसवून ठेवायचं नाही. पाहुणा अंगणात एकटा बसलेला शेजाऱ्यानं पाहिला तर घराची नाचक्की होते. मी स्वतः हे आयुष्यभर केलं, डाळ करपत असताना पाहुण्यासमोर बसून पावसापाण्याच्या गप्पा केल्या. पण मी काय पाहुणी होते? भाडं देऊन राहिलेली गिऱ्हाईक होते! गिऱ्हाइकाला तरी एकटं सोडाल की नाही?

"वहिनी, तुमची कामं असतील. जा तुम्ही," मी म्हटलं.

"राहू द्या जी. काम कुठं पयून चाललं?" आणि मग हळूच, "नातवाईची आठवन येत असन नं?"

"कालच तर निघाले मी."

"हाव. सून कुठली व्हय तुमची?"

"वरोऱ्याची. चांगली आहे."

"हाव, चांगलीच असते," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी असा सुस्कारा सोडला, की ऐकणाऱ्याला वाटावं माझ्या सुनेनं मला चटके दिले आहेत.

संध्याकाळी तर कमाल झाली. मी कवाड लावायला गेले तर वहिनी काखेत गोधडी घेऊन दारात. माझ्या खोलीत झोपणार म्हणे.

"कशाला?"

"एकट्या बाईले कसं झोपू द्यावं? काही झालं तं?"

"काय होणार आहे मला?"

 त्यांनी मान वळवून मागं, निंबापलीकडच्या विहिरीकडं पाहिलं. मीही तिकडं पाहिलं. सकाळी उघडी असलेली विहीर आता टिनाच्या पत्र्यानं झाकलेली होती आणि पत्र्यावर चार मोठे दगड ठेवलेले होते. पोरगं तिथंच उभं होतं. "कुत्रं पडते नं, मावशी," म्हणालं आणि माझ्याकडे न पाहता निघून गेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणजे मी घरातून भांडून, रुसून आलेली बाई! सुनेनं काढून दिलेली! आणि आता यांच्या विहिरीत उडी घ्यायच्या बेतात असलेली! अरे, ज्या बाईनं शंभर-शंभर पोरांचे गलके ऐकून डोकं ठिकाणावर ठेवलं, ती जीव द्यायला तिकीट काढून राळेगावला येईल? वणीत विहिरी नाहीत? वहिनींना मी दाराबाहेर काढलं. त्या ओसरीवर, माझ्या उंबऱ्याला लागून झोपल्या. त्यांचं खोकणं मला आतून ऐकू येत होतं आणि मी अंथरुणात बसून जळफळत होते.

सकाळी चहाच्या वेळी मी भाऊंना सरळच सांगितलं, "भाऊ, माझं घरी कोणाशी भांडण झालेलं नाही."

"हाव, हाव," भाऊ म्हणाले. "कोन म्हनते?"

"तुम्हाला तसं वाटतंय."

"नाही जी. आता भांडं म्हटलं का भांड्याले लागतेच. मानसानं राग आला तं दोन दिवस इकडं-तिकडं काढावं, मन हलकं करावं. पन घर सोडू नाही."

"मी घर सोडलं नाही! मी सुटीवर आले."

"तेच म्हनून राह्यलो मी. सुटी झाली का मानूस घरी जाते."

आता यावर काय करायचं? झालेलं भांडण नाकारता येतं, न झालेलं कसं नाकारायचं? आवाज चढवला तर 'पाहा, किती राग हाय', गप्प बसले तर 'पाहा, किती दुखावली बाई'. मी हात टेकले. भाऊ मात्र गोड गोड बोलत चौकशी करत राहिले. वणीत कोणत्या रस्त्यावर राहता, मुलाचं दुकान कशाचं, कोणत्या शाळेत होत्या. मी मूर्खासारखी उत्तरं देत गेले. वाटलं, विषय बदलला.

त्या दुपारी वहिनी पुन्हा पायरीवर येऊन बसल्या तेव्हा मी पुस्तक मिटलं. "वहिनी," मी म्हटलं, "हात जोडते. मला एकटीला बसू द्या. तुम्ही जा."

त्या गेल्या.  आणि मग मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. वारा, शेत, खुर्ची, मी. फक्त पलीकडच्या घरातून आवाज येत होते. "पानी आन वं." "म्हशीले चारा टाकला काय?" "चहा मांड वं, पोरगं आलं." भांडी, खराटा, धोपटणं, परत हाक. मी ते ऐकलं आणि कानाआड केलं. माझी सुटी होती.

पाचव्या दिवशी सकाळपासून पुरणाचा वास सुटला. सण नाही, वार नाही, पुरण कशाला? अकराच्या सुमाराला एक पांढरी गाडी धुरळा उडवत बांधापर्यंत आली आणि तिच्यातून माझा मुलगा उतरला.

भाऊ पुढं झाले. "या जी, या. बाई, कोन आलं पाहा!" जसं काही नवस फेडायला मीच त्याला बोलावलं होतं.

मग सगळं उघडं पडलं. भाऊंचे साडू वणीत राहतात. त्यांनी साडूंना फोन केला, साडू माझ्या मुलाच्या दुकानात जाऊन उभे राहिले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, की तुमच्या आईसाहेब राळेगावकडं रुसून बसल्या आहेत, घेऊन या. इकडं माझ्या चिरंजीवांनी सगळ्या आळीला सांगून ठेवलेलं, की आई मामाकडे गेली आहे. म्हणजे हा खोटं बोलला, का, तर आई नुसती बसायला गेली हे सांगायची त्याला लाज वाटली! आणि तो खोटारडा ठरला तो माझ्यामुळं!

पानं मांडली होती. माझं आणि मुलाचं शेजारी-शेजारी. भाऊ मधे बसले, पंचासारखे. वहिनी पुरणपोळीवर तुपाची धार सोडत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगते, पाणी होतं. माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

"झालं गेलं सोडा," भाऊ म्हणाले. "आईनं लेकराले घास भरवा."

"मी कोणाला घास भरवणार नाही," मी म्हटलं.

"आई, गाडी उभी हाय," मुलगा खालमानेनं म्हणाला. "जेव आन् चाल. घरी काय कमी हाय तुले?"

"काही कमी नाही."

"तिनं काही म्हटलं काय तुले?"

"तिनं काही म्हटलं नाही, तू काही म्हटलं नाहीस, पोरांनी काही म्हटलं नाही! कोणी काही म्हटलं नाही म्हणून मी बसायला आले. म्हटलं असतं तर घरीच थांबून दोन हात केले असते!"

"मंग लोकाईले काय सांगू मी?"

"सांग, आई बसली आहे."

"बसली हाय म्हंजे? कायले बसली हाय?"

मी पानावरून उठले. हो, भरल्या पानावरून उठले, आयुष्यात पहिल्यांदा. माझा शाळेतला आवाज लागला, तो पलीकडल्या वावरातल्या कापूस वेचणाऱ्या बायांनीही ऐकला असणार. मी म्हटलं, "तुझे वडील दर रविवारी ओसरीवर बसायचे. दिवसभर. कोणी विचारलं का त्यांना, कायले बसले? तू दुकानातून येऊन टीव्हीसमोर बसतोस, मी विचारते का? हे भाऊ सकाळपासून खाटेवर बसले आहेत, यांच्या साडूला कोणी फोन केला का? बाई बसली की ती बिमार, नाही तर रुसलेली, नाही तर विहिरीत पडणारी! विहीर झाकली यांनी माझ्यासाठी, विहीर! मी माझ्या सुटीवर आले आहे आणि ती पुरी करूनच येणार. तू जेव आणि जा."

 मुलाचे कान लाल झाले. पण तो माझाच मुलगा, तीन पोळ्या खाल्ल्या त्यानं. जाताना गाडीत बसून काच खाली केली आणि म्हणाला, "रविवारी येऊ काय घ्यायले, का सोमवारी?" मी म्हटलं, मी एस.टी.नं येईन. त्याला काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही. गाडी गेली. भाऊ त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. मी माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसले. 

थोड्या वेळानं दारात वहिनी. मी म्हटलं, झालं, आता या समजावणार.

"बसू काय जराशी?" त्यांनी विचारलं.

स्वतःच्या घराच्या खोलीत, मला विचारत होत्या. मी सरकून जागा दिली. त्या पलंगाच्या काठावर टेकल्या, पाय खाली सोडून.

"माहा राग आला होता तुमाले," त्या म्हणाल्या. "परवा जा म्हटलं."

"तुमचा नाही हो. मला जरा एकटं बसायचं होतं."

"हाव. समजलं मले." मग पदर हातात धरून त्या बोलल्या, "मी तुमच्यासाठी नोती बसत, बाई. खरं सांगतो. तुमच्यापाशी बसलो का मले कोनी हाक मारत नाही. पाहुनीपाशी बसेल हाय म्हनते, अन् चुप राह्यते. पाहुने असते तेवढेच दिवस मी बसतो. मांगच्या महिन्यात त कोनी आलंच नाही."

 परवापासून पलीकडच्या त्या सगळ्या हाका, ते खराट्याचे आवाज एकदम कानात आले. मला पुन्हा संतापच चढला. "मग असंच बसत जा ना! घर तुमचं, शेत तुमचं. पाहुणी कशाला पाहिजे?"

"असंच कसं बसावं? कोनी पाह्यलं तं?"

"मग माझ्याकडे या. वणीला. चार दिवस राहा. धुरळा आहे, पण खुर्ची देते तुम्हाला. कोणी उठवणार नाही, मी दारात उभी राहीन."

त्या हसल्या. तोंडावर पदर घेऊन, पोरीसारख्या. "घरी काय सांगू? तुमचं बरं हाय. तुमी भांडून आल्या."

"वहिनी! मी भांडून आले नाही!"

"हाव, नाही आल्या. पन भांडता तं येते तुमाले. आता पाह्यलं नं म्या. पानावरून उठल्या तुमी, कशा बोलल्या!" त्यांचं हसू थांबलं. "मले भांडताच येत नाही, बाई. कधी केलंच नाही. मी कोन्या तोंडानं घराच्या भायेर निंगू?"

मी शिक्षिका. उत्तर नाही असा प्रश्न मला सहसा कोणी विचारत नाही. 

तेवढ्यात ओसरीवरून भाऊंची हाक आली, "चहा मांड वं जराशी!"

वहिनी अर्ध्या उठल्याच होत्या. मी त्यांचा खांदा धरून खाली दाबला आणि दारात गेले.

"भाऊ, वहिनी बसल्या आहेत."

भाऊ खाटेवर सरळ झाले. "कोन?"

"तुमच्या घरच्या. पाहुणीपाशी म्हणून नाही. आपल्या आपण बसल्या आहेत."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी रागाची तयारी करून गेले होते, सगळी वाक्यं ओठावर होती. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. ते चपला शोधत उठले, लगबगीनं खोलीच्या दाराशी आले आणि आत डोकावून म्हणाले, "काहून वं? बिमार हायेस काय?"

मी वहिनींकडे पाहिलं. मनात म्हणत होते, नाही म्हण. बाई, एकदा नाही म्हण. बसले म्हण.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "हाव," त्या म्हणाल्या. "डोक्सं दुखून राह्यलं."

भाऊ गेले आणि घरातून बामची डबी घेऊन आले. "पड जराशी," म्हणाले. "चहा मी मांडतो." वहिनींनी डबी उघडली, बोटावर बाम घेतला आणि दुखत नसलेल्या कपाळाला तो चोळत माझ्या पलंगावर बसून राहिल्या.